जीप, उस्ताद आणि चाकामागचा दगड

जीपचा इतिहास युद्धापासून सुरू होतो आणि कंपनीपाशी संपतो. घराच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये ज्यांनी ती पिढ्यानपिढ्या चालती ठेवली, त्या मिस्त्रींना त्यात जागा नसते. मी भाषेचा शिक्षक. पण माझ्या वर्गातली काही मुले दहावीनंतर अशाच शेडमध्ये काम शिकायला जातात, म्हणून हा इतिहास मला जवळचा वाटतो.

1940 साली अमेरिकी लष्कराला चारही चाकांनी जोर लावणारी हलकी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने नमुना करून दिला, पण मोठे काम विलीस आणि फोर्डला मिळाले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. लष्कराने गाडीबरोबर देखभालीची पुस्तिकाही दिली. शिवाय ‘आर्मी मोटर्स’ या मासिकात विल आयस्नर हा व्यंगचित्रकार सैनिकांना चित्रांतून देखभाल शिकवत होता. गाडी टिकवायची तर कारणासह शिकवावे लागते, हे त्या लष्कराला कळले होते.

आपल्याकडे 1945 मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. तिच्या नावातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मुहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. पुढे मुंबईत माझगावला जीपची जुळणी होऊ लागली. एक मोहम्मद गेले, हे आवर्जून सांगितले जाते. पण पाना धरणारे असंख्य हात इथेच राहिले, हे कोण सांगणार? त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. ‘मिस्त्री’ शब्दाचे मूळ पोर्तुगीज, ‘उस्ताद’ आणि ‘शागिर्द’ फारसी. गॅरेजात या शब्दांना कोणी धर्म विचारला नाही.

या उस्तादांनी विद्या दिली ती तोंडी. “चाकाला दगड लाव,” एवढाच हुकूम. का लावायचा, ते कारण बहुधा हुकमातून गळून गेले. कारण असे: जुन्या विलीस जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकने उचलले की डिफरन्शियलमुळे ते हवेत उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक पुढे सरकते. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे, अ‍ॅक्सलखाली भक्कम घोडी द्यायची आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरायचे नाही. जमीनही सपाट आणि टणक हवी.

अनेक लष्करी जीपचे रिम दोन भाग नटांनी जोडून केलेले असत. टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय ते नट सोडले तर रिम उसळून जीव जाऊ शकतो. डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. हे माहीत नसलेला शागिर्द जोर लावून बोल्टच तोडतो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ती धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची, कारण ती फुप्फुसात गेली तर आजार कित्येक वर्षांनी दिसतो.

आपल्या समाजात कारागिरांचा अभिमान भाषणात खूप असतो. पण त्यांच्या ज्ञानाची मराठीत किंवा उर्दूत साधी वहीसुद्धा आपण केली नाही. उस्ताद म्हातारे होत आहेत. तुमच्या मोहल्ल्यात असा कोणी असेल तर त्याच्याकडे जा, प्रत्येक नियमामागचे ‘का’ विचारा आणि लिहून घ्या. आज गाडीखाली झोपून नट सोडणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ते वाचता आले पाहिजे.