बाटली काळी पडली नाही, मग?

पाणी तपासायची एक छोटी बाटली आपल्याकडच्या बऱ्याच गावांना माहीत आहे. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि उबदार जागी ठेवून एक-दोन दिवस वाट बघायची. पाणी काळं पडलं तर ते पिण्यालायक नाही. आतड्यात राहणारे बरेच जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तो बाटलीतल्या लोहाच्या क्षाराला भेटतो आणि काळा रंग येतो. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. ही युक्ती मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केली, संरक्षण खात्याच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेतून.

आमचं जवाहरनगरही संरक्षण खात्याचंच. दारूगोळ्याचा कारखाना, त्याच्या क्वार्टर्सच्या रांगा, शाळा, दवाखाना. अशा वसाहतीत वाढलं की पाणी ही पाइपातून येणारी वस्तू आहे, हे फार लवकर मनात पक्कं होतं. विहीर नाही, नदी नाही. टाकी, पाइप आणि नळ. पाण्याचा इतिहास वाचताना माझं लक्ष म्हणूनच नदीपेक्षा पाइपाकडे गेलं असावं.

कारण ती बाटली प्रश्न एकच विचारते: या पाण्यात मैला मिसळलाय का? हा प्रश्न आपल्याला कॉलऱ्याने शिकवला. १८८४ साली रॉबर्ट कॉख कलकत्त्यात होता. तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात त्याला कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू सापडला. आसपासचे लोक त्याच तळ्यात धुणी धूत होते आणि त्याचंच पाणी पीत होते. पुढे १८९२ साली हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने साडेआठ हजारांवर माणसं मेली. शेजारच्या आल्टोनात त्याच एल्ब नदीचं पाणी प्यायलं जायचं, पण वाळूतून गाळून. तिथे मृत्यू फारच कमी झाले. वाद मिटला.

पण प्रत्येक नमुन्यात कॉलऱ्याचा जिवाणू शोधणं किचकट होतं. मग वाट अशी काढली की चोर सापडत नसेल तर पावलांचे ठसे शोधा. थिओडोर एशरिशने १८८५ साली बाळांच्या शौचात सापडलेल्या एका जिवाणूचं वर्णन केलं होतं. आज त्याला आपण ई. कोलाय म्हणतो. तो पाण्यात दिसला म्हणजे मैला आलाच, असं मानायला सुरुवात झाली. आपलं भारतीय मानक आयएस १०५०० अजून तेच सांगतं: १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय सापडता कामा नये. या एका वाक्याने किती जीव वाचले असतील याची मोजदाद नाही, त्यामुळे त्याची टिंगल करायचा माझा हेतू नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे टेस्ट पास झाली याचा अर्थ एवढाच, की टेस्ट लिहिणाऱ्याला जे सुचलं होतं ते ठीक आहे.

भारतात ही मर्यादा दिल्लीत उघडी पडली. १९५५-५६ च्या हिवाळ्यात नजफगढ नाल्याचं सांडपाणी यमुनेतून शहराच्या पाण्यात शिरलं. क्लोरीन वाढवला होता, त्यामुळे टायफॉइड आणि हगवण वाढली नाही. कावीळ मात्र सुमारे २९ हजार लोकांना झाली. जिवाणू मेले, विषाणू टिकले. दोन वर्षांनी, १९५८ साली, पाणी आणि सांडपाण्यावर संशोधन करणारी संस्था नागपुरात उभी राहिली. १९७४ नंतर आपण तिला नीरी म्हणून ओळखतो. आमच्या ठाणा पेट्रोलपंपावरून बसने तास-सव्वातास.

तरीही दिल्लीत घाण बाहेरूनच आली होती. दवाखान्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे पाणी स्वच्छ येतं आणि इमारतीत आल्यावर बिघडतं.

जुन्या रांजणात आतून हात फिरवा. बोटांना जी बुळबुळ लागते तिला शास्त्रात बायोफिल्म म्हणतात. पाइपाच्या आत, शॉवरच्या जाळीत, नळाच्या तोंडाशी तीच असते. तिच्यात लिजिओनेला, स्यूडोमोनास आणि क्षयाच्या जिवाणूचे काही दूरचे भाऊबंद सुखाने राहतात. यांचा मैल्याशी संबंध असायलाच हवा असं नाही. म्हणून ई. कोलाय शून्य आला तरी ते तिथे असू शकतात, आणि गावाची बाटली काळी पडत नाही. धडधाकट माणूस हे पाणी पितो आणि त्याला काहीही होत नाही. भाजलेला, केमोथेरपी घेणारा, व्हेंटिलेटरवरचा किंवा दीड किलो वजनाचा माणूस मात्र त्यांना तोंड देऊ शकत नाही.

लिजिओनेलाचा शोध तर चुकीच्या प्रश्नाचाच इतिहास आहे. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं. त्यानंतर २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले. महिनोन् महिने काही सापडेना, कारण हा जिवाणू नेहमीच्या खाद्यावर वाढतच नाही. त्याला लोह आणि सिस्टीन लागतं. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड यांनी तो ओळखला. १९८० साली कळलं की तो पाण्यातल्या अमिबाच्या पोटात राहतो. अमिबाने कवच धरलं की क्लोरीन बाहेरच राहतो.

२०११-१२ च्या हिवाळ्यात उत्तर आयर्लंडमधल्या नवजात विभागांत स्यूडोमोनासने चार बाळं गेली. नळ खोलून बघितले तेव्हा पाण्याची धार सरळ पडावी म्हणून बसवलेल्या छोट्या प्लास्टिकच्या भागांत हा जिवाणू वस्ती करून होता. धार सुबक दिसावी म्हणून केलेली सोय!

आपल्याकडचं उदाहरण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं आहे. २००६ साली भारतीय डॉक्टरांनी एका रुग्णालयातले ३५ रुग्ण नोंदवले. त्यांच्या पोटावरची बारीक छिद्रं भरून येत नव्हती. अवजारं रसायनात बुडवून निर्जंतुक केली होती; रसायन धुऊन काढायला जे पाणी वापरलं, त्यात मायकोबॅक्टेरियम चेलोनी होता. आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरमध्ये नळाचं पाणी घालू नका अशा सूचना निघाल्या होत्या, त्या अनेकांना आठवत असतील. तेव्हा भीती बुरशीची होती, पण बोट नळाकडेच होतं.

मग उपाय काय? ब्रिटिश नियम सांगतात: थंड पाणी २० अंशांच्या खाली ठेवा, गरम पाणी ६० अंशांना साठवा. लिजिओनेला या दोन आकड्यांच्या मध्ये वाढतो. आता हा नियम घेऊन मे महिन्यात भंडाऱ्यात या. पारा ४४-४५ ला, गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी, दुपारी तीनला नळाखाली हात धरवत नाही. आपल्याकडे 'थंड पाण्याचा नळ' उन्हाळ्यात अस्तित्वातच नसतो. वर उष्णतेने क्लोरीनही लवकर उडतो. टाकीजवळ तपासलं तर भरपूर, शेवटच्या वॉर्डात जवळपास नाही. थंड देशांचं पुस्तक इथे अर्धंच लागू पडतं. पाणी थंड ठेवता येत नाही, तर ते साचू देता कामा नये, हा आपला नियम व्हायला हवा.

म्हणजे कामं अगदी गवंडी-प्लंबरची आहेत. बंद पडलेल्या वॉर्डाकडे जाणारी, शेवटी बूच मारलेली लाइन कापून टाकायची. कमी वापराचे नळ ठरलेल्या दिवशी सोडून द्यायचे. टाकीवर सावली करायची, गाळ काढायचा. अतिदक्षता विभागात नळालाच ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लावायचा, आणि बाळांसाठी व अवजारांच्या शेवटच्या धुण्यासाठी निर्जंतुक पाणीच वापरायचं. क्लोरीन डायऑक्साइड, तांबं-चांदीचे आयन अशा महागड्या यंत्रणाही आहेत, पण बूच मारलेली लाइन तशीच ठेवून त्या बसवण्यात अर्थ नाही.

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर 'फायर ऑडिट' हा शब्द आमच्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकू यायला लागला. पाण्यासाठी असा शब्द अजून माझ्या कानावर आलेला नाही. आगीचा धूर दिसतो; पाण्यामुळे झालेला संसर्ग केस पेपरवर 'सेप्सिस' एवढाच उरतो आणि नळापर्यंत कुणी मागे जात नाही.

सुरुवात स्वस्तात होऊ शकते. मे महिन्यातल्या एका दुपारी टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळावर जायचं. पाण्यात साधा थर्मामीटर बुडवायचा, मग ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते बघायचं. दोन्ही आकडे तारीख घालून वहीत लिहायचे. ओटीची बाटली शेजारच्या ग्रामपंचायतीत मिळेल.