फडाची बातमी

1970च्या आषाढात एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला पाच सुवर्णपदकं मिळाली. पाचही कुस्तीतली. त्यातलं एक निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांचं. निलंगा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा व्हायला 1982 उजाडायचं होतं. मुंबईचं दूरदर्शनसुद्धा 1972चं. म्हणजे आपल्या मातीतल्या पैलवानानं सातासमुद्रापार मारलेली ती कुस्ती आपल्याकडं कुणीच पाहिली नाही.

आमचे आबा सांगायचे, पेपर दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं यायचा. पारावर एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. बातमी चार-सहा ओळींची, पण वाचणाऱ्याला तेवढ्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचायला लावल्या लोकांनी. गावातली तालीम दोन सालं बंद होती. त्या पावसाळ्यात ती उघडली. माती चाळून तीत तेल, ताक, हळद कालवली आणि पोरं पुन्हा आखाड्यात उतरली. बातमीचं बळ काय असतं, हे मला पहिल्यांदा आबांच्या या गोष्टीतून कळलं.

त्यांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, त्याही आधीचं सांगायचे. निजामाचं राज्य, सरकारदरबारी उर्दू, मराठी वर्तमानपत्रांवर पहारा. आ. कृ. वाघमाऱ्यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर बंदी आली आणि ते नावं बदलून निघत राहिलं, असे ते दिवस. कुस्तीची बातमी छापणार कोण? ती माणसांच्या तोंडून फिरायची. नाना मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला बैलगाडीनं जायचे. परत आले की घरची ओसरी भरायची. नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत सगळं सांगायचं, असा दंडक होता. कोण कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, किती वेळ खडाखडी झाली, ढाक लागली की घिस्सा, पंचांनी काय म्हटलं. एखादा मधेच उठून गेला असेल तर त्याला निकाल सांगायचा हक्क नसे. "तू शेवटपर्यंत बसला होतास का?" एवढं विचारलं की तो गप्प.

त्या सांगण्यात खोट नव्हती असं मी म्हणणार नाही. आपल्या गावचा पैलवान हरला की "पाय घसरला" म्हणायचं आणि जिंकला की दोन मिनिटांची कुस्ती अर्धा तास चालवायची, ही खोड होतीच. त्यावरून दोन गावांत वर्षभर बोलणं बंद पडल्याचंही नानांनी सांगितलंय. पण सांगणारा समोर बसलेला असे. त्याला उलट प्रश्न विचारता येई. खोटं बोललेला माणूस पुढच्या बाजारी पुन्हा त्याच लोकांना भेटणार असे.

पुढं फडावर भोंगा आला, निवेदक आला. कोथळीच्या शंकर पुजारींसारख्या निवेदकांनी तर कमाल केली. लांबवर झाडावर बसलेल्या पोरालाही डाव कळायला लागले, हरलेल्या पैलवानाचंही नाव आणि गाव लोकांच्या कानावर पडू लागलं. कुस्तीवर माध्यमांनी केलेला एवढा मोठा उपकार मला दुसरा आठवत नाही.

बिराजदार पुढं रुस्तुम-ए-हिंद झाले आणि पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. 2011ला ते गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोत सुवर्ण मिळवलं, तेव्हा प्रत्येक बातमीत शिष्याबरोबर गुरूचं नाव होतं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी चार-सहा ओळींत मावलेला माणूस नव्या पिढीला त्या दिवशी ठाऊक झाला.

जानेवारी 2020मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघंही काका पवारांचे पठ्ठे, आणि काका पवार मूळ लातूरचेच. हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो घरोघरी मोबाइलवर पोचला. हरलेला पैलवान एवढ्या मानानं दिसावा, हे कॅमेऱ्यामुळंच शक्य झालं.

तोच कॅमेरा तीन वर्षांनी उलटला. जानेवारी 2023मध्ये कोथरूडला महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत 'बाहेरची टांग' या डावावर दिलेल्या चार गुणांवरून वाद पेटला. काही सेकंदांची चित्रफीत गावोगाव फिरली. आयुष्यात मॅटजवळ न गेलेल्यांनी निवाडे दिले, त्यात धर्म ओढला, पंचाला फोनवरून धमकी आली. फेब्रुवारी 2025मध्ये अहिल्यानगरला त्याच स्पर्धेत शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली. ते चूकच होतं आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदीही आली. पण त्या रात्री वाहिन्यांनी ती लाथ इतक्या वेळा दाखवली, की गदा जिंकलेल्या पृथ्वीराज मोहोळची कुस्ती बाजूलाच राहिली. एका पोराच्या कितीतरी वर्षांच्या मेहनतीवर हा अन्याय आहे. त्याचा मला आजही संताप येतो.

दुसरा अन्याय न दाखवण्याचा. नांदेडची भाग्यश्री जाधव 2024ला पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात सुमित अंतिलबरोबर तिरंगा घेऊन चालली. ते चित्र सगळ्यांनी छापलं. गोळाफेकीत ती जगात पाचवी आली, ती बातमी मला शोधून काढावी लागली. नांदेडलाच गुरुगोविंदसिंघजी सुवर्ण आणि रौप्य चषकाची हॉकी स्पर्धा वर्षानुवर्षं भरते, देशभरातले संघ येतात. मराठवाड्याबाहेरच्या किती क्रीडापानांवर तिचा निकाल येतो?

लातूरच्या आणि नांदेडच्या संपादकांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या माळेगावच्या जत्रेला आणि शिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराच्या फडावर एक वार्ताहर पाठवा, आणि त्याला शेवटची कुस्ती सुटेपर्यंत उठू देऊ नका. नारळाची कुस्ती खेळलेल्या पोराचंसुद्धा नाव, गाव आणि वस्ताद छापा. आणि वाचकहो, तुमच्या घरी नानांसारखं कुणी असेल तर त्यांच्याकडून जुन्या फडांच्या हकिगती याच वर्षी लिहून घ्या.