पहिले रिव्हॉल्व्हर कोणाला? इतवारी, सिव्हिल लाइन्स आणि १८७८ चा हत्यार कायदा

१/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपुरात रुजू होणाऱ्या तरुण गोऱ्या अधिकाऱ्यापुढे प्रश्न असे : निशाणबाजीसाठी आणि चितळ-सांबराच्या शिकारीसाठी पहिले हत्यार कोणते घ्यावे? त्याच शहरातील इतवारीच्या सराफापुढचा प्रश्न निराळा होता : हत्यार बाळगण्याची परवानगी मिळेल का?

२/ सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. एका बारानंतर पुन्हा ठासत बसावे लागणाऱ्या पिस्तुलाच्या जागी फिरत्या नळकांड्यातून लागोपाठ पाच-सहा बार काढणारे हत्यार आले.

३/ मात्र हरणाच्या शिकारीत त्याला मर्यादा होती. नळी आखूड, त्यामुळे लांबचा नेम बेभरवशाचा. जखमी जनावर रानात निसटण्याची भीती. म्हणून हातात रायफल असे आणि रिव्हॉल्व्हर कमरेला, जवळच्या प्रसंगासाठी. सातपुड्यातील रानांवर १८७१ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ लिहिणाऱ्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने त्याआधी शिकारी रायफलीवरच स्वतंत्र पुस्तक लिहिले होते.

४/ १८५७ च्या उठावाची धास्ती सरकारच्या मनातून गेली नव्हती. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात हत्यार कायदा आला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. हिंदी माणसाला हत्यारासाठी परवाना सक्तीचा झाला, युरोपीयांना मात्र सूट मिळाली.

५/ याचा अर्थ इतवारीत स्पष्ट दिसे. सोन्याचांदीची पेढी राखणाऱ्याला परवाना हवा. बाजारात धान्य आणणाऱ्या शेतकऱ्याचे पीक हरणे आणि रानडुकरे फस्त करीत. राखणीच्या बंदुकीसाठी त्यालाही परवाना हवा. हौसेखातर हरीण मारणाऱ्या साहेबाला तो नको!

६/ पहिल्या महायुद्धानंतर वंशावर आधारलेली सूट नियमांतून गेली, पण परवान्याची किल्ली सरकारच्याच हाती राहिली. १९२७ मध्ये नागपुरात ‘जनरल’ मंचरशा आवारी यांनी या कायद्याविरुद्ध सत्याग्रह पुकारला. बंगालमधील स्थानबद्धांची सुटका हीदेखील त्यांची मागणी होती. सत्याग्रही उघडपणे तलवारी घेऊन निघाले. आवारींना कारावास झाला. तेथे त्यांनी दीर्घ उपोषण केले.

७/ महात्मा गांधींनी या सत्याग्रहाला पाठिंबा दिला नाही. १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या पत्रकात याच कायद्यावर, एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा म्हणून, त्यांनी कठोर टीका केली होती. तरीही शस्त्र मिरवून अहिंसक लढा कसा लढावा, हा त्यांचा आक्षेप होता. कायदा अन्यायकारक हे दोघांनाही मान्य. वाद होता तो मार्गाचा.

८/ स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १८७८ चा कायदा इतिहासजमा झाला. परवाना राहिला, पण कायद्यापुढे सर्व नागरिक समान झाले. चितळ-सांबराची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवान्याने शक्य होती. १९९१ च्या दुरुस्तीने तो मार्गही बंद झाला. निशाणबाजी आता खेळाच्या मैदानात उरली आहे.

९/ जुन्या छायाचित्रात मेलेल्या हरणावर पाय ठेवून उभा साहेब दिसला, की त्याच्या नेमबाजीचे कौतुक करण्यापूर्वी एक गोष्ट आठवावी : त्याच्या हातातील हत्यार चौकटीबाहेरच्या शेतकऱ्याला कायद्याने सहजासहजी मिळणार नव्हते.