तांब्याची रेघ : घरगुती मुद्रित मंडल आणि भंडाऱ्याची धातुपरिभाषा

रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात ज्या प्रदेशांचे अधिपती त्यास वार्षिक कर किंवा भेटी पाठवीत, त्यांची नामावळी आलेली आहे. तीत लांजिका व वैरागर यांच्याबरोबर ‘भाणार’ असे नाव आढळते. हेच आजचे भंडारा, असे सामान्यतः मानले जाते. ‘भाण’ म्हणजे पितळेची थाळी, आणि थाळ्या घडविणाऱ्यांचे गाव ते भाणारा, अशी व्युत्पत्ती गावात आजही सांगितली जाते. जुन्या मराठीतील ‘भाणे’ हा शब्द संस्कृत ‘भाजन’ यापासून प्राकृतातून रीतसर आलेला आहे, तेव्हा या व्युत्पत्तीचा पूर्वार्ध निर्दोष आहे. परंतु ‘ण’ चा ‘ंड’ व्हावा असा मराठीच्या ध्वनिविकासाचा नियम नाही. ‘भांडार’ या परिचित शब्दाच्या ओढीने मूळ नावाचे रूप पालटले असावे, हेच अधिक संभवनीय होय. कसेही असले तरी, भाणे घ्या की भांडे घ्या, गावाच्या नावाचा अर्थ लावू पाहणाऱ्याची दृष्टी कासाराच्या दुकानाकडे वळते, एवढे खरे.

या कासाराच्या भाषेचा विचार करण्यास एक अनपेक्षित निमित्त आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्यावर काम करण्याची एक नवी रीत घरोघरच्या हौशी मंडळींच्या हाती आली. रेडिओची आवड असलेला विद्यार्थी, घड्याळापासून टेपरेकॉर्डरपर्यंत सर्व काही उघडून पाहणारा शिक्षक, दुरुस्तीचे लहान दुकान चालविणारा कारागीर, अशी ही माणसे. तांब्याचा पातळ थर दिलेली तक्ती घ्यायची, तिच्यावर रंगाने रेघा काढायच्या, ती फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवायची, आणि उरलेल्या तांब्याच्या रेघांनी रेडिओचे भाग एकमेकांस जोडायचे, असा हा उद्योग. त्याला सर्वत्र ‘पीसीबी बनवणे’ म्हणतात. परिभाषाकारांनी त्यासाठी ‘मुद्रित मंडल’ किंवा ‘मुद्रित परिपथ’ असे शब्द घडविले. १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशाने विद्युत्‌विषयक नोंदींत ‘मंडल’ स्वीकारले, तर शालेय पुस्तकांनी ‘परिपथ’. कामाच्या टेबलावर मात्र यांपैकी एकही शब्द पोहोचला नाही. नव्या यंत्राबरोबर इंग्रजी शब्द येणारच, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येईल. पण ते पुरेसे नाही. कारण या कामातील बहुतेक क्रियांना भंडाऱ्यासारख्या गावात शतकानुशतके नावे होती.

प्रथम या रीतीचा उगम पाहिला पाहिजे. तिचा जन्मच मुळी घरगुती आहे. पॉल आइस्लर हा व्हिएन्नात १९०७ साली जन्मलेला अभियंता. रेडिओ आणि मुद्रण या दोन्ही क्षेत्रांशी त्याचा तरुणपणीच संबंध आला होता. ऑस्ट्रियातील परिस्थिती ज्यूंना प्रतिकूल होत गेल्यावर १९३६ मध्ये तो लंडनला आला, आणि भाड्याच्या खोलीत राहत असता त्याने तारांच्या जंजाळाऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्यातून कोरून काढलेल्या मार्गांवर चालणारा रेडिओ तयार केला. १९०३ मध्ये आल्बर्ट हॅन्सनने व १९२५ मध्ये चार्ल्स ड्यूकसने तत्सम कल्पनांसाठी पेटंटचे अर्ज केले होते. पण छापखान्यातील ठसे करण्याची विद्या विद्युत्‌मंडलास लावण्याचे श्रेय प्रामुख्याने आइस्लरचेच. आरंभी त्याचे कोणी ऐकले नाही. तारा जोडण्याचे काम कारखान्यातील मुली करतात आणि ते अधिक स्वस्त पडते, असे उत्तर आपणास मिळाल्याचे त्याने पुढे सांगितले आहे. अखेर शिळाछापाचा व्यवसाय करणाऱ्या एका मुद्रणसंस्थेने त्यास आश्रय दिला आणि १९४३ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांतील स्वयंचलित स्फोटककळींसाठी चिनी मातीच्या तक्तीवर चांदीच्या शाईने मंडले छापली. युद्धानंतर ही विद्या नागरी उद्योगांसाठी मोकळी झाली, आणि पन्नाशीच्या दशकात ट्रान्झिस्टरच्या प्रसाराबरोबर ती सार्वत्रिक झाली.

‘मुद्रित’ हे विशेषण या इतिहासातून आले. युद्धकाळातील मंडले खरोखरच शाईने छापली जात. आइस्लरच्या रीतीत मात्र मंडल छापले जात नाही. छापले जाते ते तांब्याचे रक्षण करणारे आवरण. तांबे मुळातच तक्तीवर सर्वत्र पसरलेले असते, आणि जे नको ते काढून टाकल्यावर जे उरते, तेच मंडल. मराठी परिभाषेने इंग्रजी नावाचे भाषांतर करताना त्या नावातील ही जुनी चूकही आपलीशी केली.

दुसरा शब्द अधिक उद्बोधक आहे. द्रावणाने तांबे काढून टाकण्याच्या क्रियेस इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचाच मराठी कारागीर ‘एच करणे’ असा उपयोग करतो. हा शब्द इंग्रजीने डच भाषेतून घेतला आणि डचने जर्मनमधून. जर्मन ‘ॲट्सेन’ हे ‘एसेन’ म्हणजे ‘खाणे’ या धातूचे प्रयोजक रूप होय, म्हणजे ‘खाऊ घालणे’. आता मराठीत पाहावे. गंजाने लोखंड खाल्ले, तेजाबाने कापड खाल्ले, असे कोणीही अशिक्षित मनुष्य बोलतो. तक्ती द्रावणात हलविणारा मुलगाही ‘अजून खाल्लं नाही’, ‘कडेनं जास्त खाल्लं’ असेच म्हणतो. म्हणजे परक्या शब्दाचा जो मूळ अर्थ, तो मराठी बोलीत स्वतंत्रपणे सिद्ध आहे. विश्वकोशाने कलेच्या संदर्भात योजलेला ‘अम्लरेखन’ हा शब्द सुबक असला तरी येथे दोन ठिकाणी अडतो. चित्रकाराच्या तांब्याच्या पत्र्यावर अम्ल रेघ पाडते. येथे उलट द्रावण रेघेखेरीज सर्व काही नाहीसे करते आणि रेघ शिल्लक ठेवते. शिवाय फेरिक क्लोराइड हे अम्ल नव्हे, लवण आहे. त्याचे द्रावण आम्लधर्मी असते, पण तांबे विरघळते ते फेरिक लोह तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन स्वतः फेरस होते म्हणून.

किती तांबे खाल्ले जाते, याचा हिशेब उद्बोधक आहे. तक्तीवरील तांब्याचा नेहमीचा थर सुमारे ३५ मायक्रोमीटर जाडीचा असतो. १० सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर लांब अशा तक्तीवर त्या मानाने सुमारे पावणेपाच ग्रॅम तांबे बसते. त्यातील तीन ग्रॅम काढावयाचे म्हटले तर निदान १५ ग्रॅम निर्जल फेरिक क्लोराइड खर्ची पडते. म्हणूनच अनुभवी हौशी माणूस रेघांमधील जागा शक्य तितकी तांब्याने भरलेलीच ठेवतो. तसे केल्याने द्रावण वाचते आणि वेळही. द्रावण कोमट असले व तक्ती हलती ठेवली तर पंधरा-वीस मिनिटांत काम होते, थंडीच्या दिवसांत अधिक लागतात. हे द्रावण तांबे, पितळ, लोखंड या सर्वांस खाते, म्हणून ते ठेवावयाचे ते प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या तसराळ्यातच. भांड्यांच्या गावी तांब्याचे एक काम असे निघाले की, ज्यासाठी गावातील एकही भांडे उपयोगाचे नाही.

आवरणाची कथा निराळी आहे. सत्तरीच्या व ऐंशीच्या दशकांत हौशी मंडळी नकाशा कार्बन कागदाने तांब्यावर उतरवीत आणि बारीक कुंचल्याने त्यावर इनॅमलचा रंग किंवा नखांचे पॉलिश फिरवीत. पुढे पारदर्शक चित्रपट्टीवर लिहिण्याची न पुसणारी पेने आली. त्यानंतर लेसर छपाईयंत्र आले. गुळगुळीत कागदावर नकाशा उलटा छापून तो इस्त्रीने तांब्यावर दाबला की, काळी पूड वितळून धातूस चिकटते. उलटा छापण्याची ही युक्ती मुद्रा कोरणारा कारागीर आणि छापखान्यातील ठसे करणारा या दोघांनाही पूर्वीपासून ठाऊक होती. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी लोणावळ्यास याच ठशांच्या व्यवसायात होते. भंडाऱ्याच्या सोनारासही आवरणाची द्रव्ये परकी नव्हती. पोकळ दागिन्यात भरावयाची लाख आणि काम पक्के धरून ठेवणारी राळ त्याच्या नित्याची. लाखेचे स्पिरिटमधील रोगण युरोपीय ठसेकारांनीही आवरण म्हणून वापरले होते.

येथून पुढच्या क्रियांत तर जुनी आणि नवी परिभाषा समोरासमोर उभी राहते. रेघा तयार झाल्यावर त्यांवर कथलाचा पातळ थर देतात. याला हौशी मंडळी ‘टिनिंग’ म्हणतात. तांब्यापितळेच्या भांड्यास कथलाचा थर देण्याचे नाव मराठीत ‘कल्हई’ असे आहे. अरबी ‘कलई’ हा कथलाचाच वाचक शब्द. मोल्सवर्थच्या कोशात तो आहे, आणि कल्हईवाल्याची हाळी ऐकलेली पिढी अद्याप हयात आहे. हेतूही एकच : उघडे तांबे हवेने काळवंडते, कथलाखाली ते सुरक्षित राहते. कल्हईवाला नवसागर टाकून पृष्ठभाग स्वच्छ करतो, रेडिओवाला राळ वापरतो. भाग जोडण्याच्या क्रियेस सोनार-कासार ‘झाळणे’ किंवा ‘डाख देणे’ म्हणत, नवा कारागीर ‘सोल्डर मारणे’ म्हणतो. भोक पाडण्याचे हत्यार सुताराच्या हाती ‘सामता’ असते, येथे एक मिलिमीटरच्या आतबाहेरचे भोक पाडताना ते ‘ड्रिल’ होते. केवळ ठोकून आकार देण्याची जी कासाराची मुख्य विद्या, ‘मठारणे’, तिला येथे काही काम नाही.

मग हे शब्द एका हातातून दुसऱ्या हातात का गेले नाहीत? दोन्ही कारागीर एकाच गावात, कदाचित एकाच आळीत होते. याचे उत्तर भाषेत नसून विद्येच्या वाटेत आहे. कासाराची विद्या बापाकडून मुलाकडे गेली. मंडलाची विद्या टपालाने आली. दिल्लीहून १९६९ पासून निघणारे ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे इंग्रजी मासिक, भागांच्या संचाबरोबरचे इंग्रजी सूचनापत्र, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानदाराची यादी, हेच तिचे गुरू होते. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर. तेथून तक्ती, द्रावणाची पूड आणि शब्द हे सर्व एकाच पिशवीत आले. शिवाय ज्याने विज्ञानाचे शिक्षण घेतले, त्यास कल्हईवाल्याचा शब्द आपल्या कामास लावणे कमीपणाचे वाटले असेल, तर तेही नमूद केले पाहिजे. जातीने बांधलेल्या धंद्याचा शब्द शाळेच्या फळ्यावर चढत नाही, आणि परिभाषासमित्यांनीही कासाराकडे न जाता संस्कृतकडे जाणे पसंत केले. ‘मंडल’ अशुद्ध नाही. पण टेबलावर त्याची गरज कोणास पडली नाही, आणि ज्याची पडली असती तो शब्द कोणी मागितला नाही. दरम्यान स्टीलच्या भांड्यांनी कल्हईची गरजच संपवीत आणली, तेव्हा देणाऱ्याकडेही शब्द फार काळ राहणार नव्हता.

भंडारा जिल्ह्यात तांब्यावरील लेखनाचे याहून जुने उदाहरण आहे. वैनगंगेच्या काठी पवनी येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला आहे. वाकाटकांचे लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ मध्ये एकत्र संपादून प्रसिद्ध केले, त्यामुळे या घराण्याच्या ताम्रपटांची घडण चांगली परिचित आहे. पत्र्याला भोक, त्यातून ओवलेली कडी, कडीला राजमुद्रा. अक्षरांच्या माथ्यावर लहान चौकोनी पेट्या असतात, म्हणून लिपीस पेटिकाशीर्ष म्हणतात. मंडलाच्या तक्तीवरील रेघांच्या टोकांशी असलेले चौकोन पाहून या लिपीची आठवण होणे स्वाभाविक आहे, परंतु त्यातून कोणताही संबंध काढणे व्यर्थ होय. पेटी ही अक्षराची शोभा, तर टोकाचा चौकोन हा झाळण्यासाठी ठेवलेली जागा. लक्षात घ्यावयाचे ते निराळेच. भारतीय ताम्रपटांत मजकूर रचणारा व कोरणारा ही पुष्कळदा दोन माणसे असत, आणि कोरणाऱ्यास अक्षरज्ञान बेताचे असल्याच्या खुणा चुकांतून दिसतात. हौशी माणसाच्या टेबलावर रचणारा, लिहिणारा, खाऊ घालणारा आणि झाळणारा एकच असतो. चूक झाली तर दोष देण्यास दुसरा कोणी नसतो. तुटलेल्या रेघेवर तो तारेचा तुकडा डाखतो.

वैनगंगेचा उल्लेख आला म्हणून वापरलेल्या द्रावणाचेही सांगितले पाहिजे. त्यात तांब्याचे लवण असते आणि माशांस ते अल्प प्रमाणातही घातक आहे. हौशी पुस्तकांतून या गोष्टीला बहुधा एखादेच वाक्य मिळते, आणि पुष्कळ ठिकाणी द्रावण मोरीत ओतले जाते. लोखंडाचा चुरा टाकल्यास तांबे त्यावर बसते. नंतर धुण्याचा सोडा घालून उरलेला साका खाली बसवून गाळून घेता येतो, आणि तो साकाही मोरीत न टाकता वेगळा काढावयाचा असतो. नागपूरचे सांडपाणी वाहणारी नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेसच मिळते, व पवनीजवळ गोसीखुर्द येथे धरणाने ते पाणी अडते.

अलीकडे घरी तक्ती करणारे कमी झाले आहेत. २००५ मध्ये इटलीत निघालेल्या आर्डुइनोसारख्या तयार तक्त्या शाळांपर्यंत पोहोचल्या. २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांतूनही मुले बहुधा तयार तक्त्याच जोडतात. नकाशा संगणकावर काढून परदेशी कारखान्याकडे पाठविला की, काही दिवसांत तक्ती टपालाने येते. काम सुबक होते यात शंका नाही. फक्त खाऊ घालण्याची क्रिया मुलाच्या डोळ्यांआड गेली, आणि तिच्याबरोबर ‘अजून खाल्लं नाही’ हे वाक्यही.

महाराष्ट्रापुरता एक निराळा प्रयत्न मात्र खेड्यातच झाला. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली. त्या संस्थेबाहेरील ती पहिलीच. या प्रयोगशाळांच्या रीतीत तांब्याची तक्ती द्रावणात बुडवीत नाहीत. संगणकाने चालविलेली, सुमारे ०.४ मिलिमीटर व्यासाची फिरती पाती रेघांच्या कडेने तांबे कापीत जाते. येथे तांबे कोणी खात नाही. ते पुन्हा कोरले जाते, आणि ‘कोरणे’ हा पवनीच्या ताम्रपटास लागू पडणारा शब्द या तक्तीसही जसाच्या तसा लागू पडतो.