अंतर, हात आणि आकडा : बोलपटातील ध्वनिमिश्रणाचा इतिहास

१/८ मुरुडच्या किनाऱ्यावरचा एक चित्रपट-प्रसंग कल्पून पाहा. कोळी होडी लोटता लोटता बोलतो आहे, लाटा फुटत आहेत, मागे सनई सुरू होते. तीन ध्वनी एकत्र येतात, तरी त्याचा प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येतो. कारण प्रत्येक ध्वनीचे प्रमाण कोणीतरी ठरवलेले असते. हे प्रमाण पूर्वी कसे ठरे? 🧵

२/८ १४ मार्च १९३१. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला. त्याच्या चित्रीकरणात दृश्य आणि ध्वनी एकाच फिल्मवर एकाच वेळी उमटत. वाद्य हळू ऐकू यायला हवे असेल, तर वादकाला मायक्रोफोनपासून दूर बसवावे लागे. मिश्रण म्हणजे निव्वळ अंतर.

३/८ स्टुडिओजवळून रेल्वे जात असे. गाडीचा खडखडाट फिल्मवर उमटला की तो पुसणे अशक्य. म्हणून गाड्या थांबल्यावर, रात्री उशिरा चित्रीकरण होई.

४/८ १९३२ साली कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे त्यात स्वतःच गायले. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या ‘न्यू थिएटर्स’ने पार्श्वगायन आणले. गाणे आधी, चित्रीकरण नंतर. ध्वनी दृश्यापासून सुटा झाला.

५/८ मग संवाद, पार्श्वध्वनी आणि संगीत वेगवेगळ्या पट्ट्यांवर ठेवून शेवटी एकत्र करण्याची पद्धत रुळली. १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी मुंबईत परळला ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. तेथील मंगेश देसाई हे या कामातील नामवंत. ‘शोले’च्या ध्वनिमिश्रणातही त्यांचे नाव आहे. जुन्या यंत्रांवर एक फेडर चुकला, तर संपूर्ण रीळ पुन्हा पहिल्यापासून! मिश्रण आता हाताचे कसब झाले.

६/८ संगणकाने त्याचे गणित केले. ध्वनी म्हणजे सेकंदाला ४८,००० आकडे. प्रत्येक आकड्याला हव्या त्या प्रमाणाने गुणायचे आणि बेरीज करायची. मात्र १६ बिटांत कमाल आकडा ३२,७६७. लाट २०,००० आणि सनई १८,००० असेल, तर बेरीज मर्यादेबाहेर जाते आणि आवाज फाटतो.

७/८ लाटा ओसरत सनई उमटावी, हा ‘क्रॉसफेड’. मध्यावर दोन्ही ध्वनी ०.५ ठेवले तर एकूण शक्ती निम्मी होते आणि कानाला पोकळी जाणवते. म्हणून परस्परांशी संबंध नसलेल्या ध्वनींसाठी मध्यबिंदू ०.७०७ धरतात : दोन्ही वर्गांची बेरीज १. तोच ध्वनी तोच राहणार असेल, तर मात्र ०.५ योग्य.

८/८ १९३१ साली त्या रात्री ठरलेले प्रमाण कायमचे असे. आज मूळ ध्वनी अबाधित राहतात. आकडा उद्या बदलता येतो. पण कोळ्याचा शब्द वरचढ ठरावा की लाट, याचे उत्तर ०.७०७ मध्ये नाही. ते आजही ऐकणाऱ्या कानालाच ठरवावे लागते.