निचऱ्याचा हिशेब

बंगळूरच्या जे. पी. नगरमध्ये आमच्या घरी कूपनलिकेचे जड पाणी येते. तुळशीच्या कुंडीच्या काठावर त्याचा पांढरा थर साचतो. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. कालव्याखालील शेतीचे दुखणे नेमके हेच आहे.

नीरा डावा कालवा १८८५ साली पूर्ण झाला. दुष्काळापासून संरक्षण हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात बारामतीकडे ऊस वाढला. काळ्या, चिकण जमिनीतून पाणी सहज झिरपत नाही. भूजल वर चढले, शेते पाणथळ व क्षारपड झाली. १९१० साली हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांची नीरा खोऱ्यातील खार जमिनींवरील पुस्तिका प्रसिद्ध झाली. म्हणजे कालव्याला जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती.

तत्पूर्वी मुंबई इलाख्याच्या सेवेतील विश्वेश्वरय्या यांनी 'ब्लॉक' पद्धत पुढे आणली होती: ठरावीक गट, पिकांची फेरपालट, मोजके पाणी. १९२८ साली इंग्लिस व गोखले यांनी दख्खनच्या कालव्यांवरील खोल चरांच्या कामाची मांडणी केली. म्हणजे निदान झाले होते, उपायही ठाऊक होता.

मग अडले कोठे? पाणीपट्टी पाण्याच्या मापावर नव्हे, तर पीक व क्षेत्र यांवर आकारली जाई. जादा पाण्याचा लाभ वरच्या शेतकऱ्याला, खारावलेली जमीन सखल भागातल्या शेजाऱ्याला. आकडेच पाहा: एका हेक्टरला वर्षाकाठी वीस हजार घनमीटर पाणी दिले आणि त्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असले, तर दहा टन क्षार शेतात येतात. ते बाहेर नेण्याची वाट हवी. चर काढले तरी क्षार नाहीसे होत नाहीत. ते नीरेतून भीमेत आणि भीमेतून कर्नाटकात उतरतात. म्हणून आधी पाणी कमी वापरणे, मग निचरा, हाच क्रम योग्य.

येथे एक कबुली द्यायला हवी. सेवेच्या आरंभी एका सिंचन प्रस्तावाच्या छाननीत मी निचऱ्याचा खर्च 'दुसऱ्या टप्प्यात घ्यावा' असा शेरा लिहिला होता. खर्च आटोक्यात आला, फाइल मंजूर झाली. दुसरा टप्पा माझ्या टेबलावर कधीच आला नाही. उद्‌घाटन कालव्याचे होते, चराचे होत नाही. अर्थसंकल्पालाही हीच सवय जडलेली आहे.

कालवा आणि चर हे एकाच कामाचे दोन भाग आहेत. अंदाजपत्रकात ते वेगळे करणे म्हणजे पुढच्या पिढीच्या जमिनीवर आज उचल घेणे होय.