उष्णता अडवते ती कोंडलेली हवा

शीतगृहाच्या भिंतीतील फोम, पत्र्याच्या छपराखालील ग्लासवूल आणि मासळीच्या पेटीचा थर्माकोल यांना उष्णतारोधक म्हटले जाते. प्रत्यक्षात उष्णता अडविण्याचे बहुतांश काम त्यांच्या छिद्रांत कोंडलेली हवा किंवा अन्य वायू करतो. थर्माकोलच्या आकारमानात सुमारे ९८ टक्के हवाच असते.

सर्वसाधारण तापमानाला स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन इतकी अल्प आहे. काचेची वाहकता साधारण १ असते. मात्र त्याच काचेचे तंतू करून त्यांत हवा अडकविली की तयार होणाऱ्या ग्लासवूलची वाहकता ०.०४ च्या आसपास येते.

अशा पदार्थातून उष्णता मुख्यतः तीन वाटांनी जाते. तंतूंमधून वा छिद्रांच्या भिंतींमधून होणारे वहन, आतील वायूतून होणारे वहन आणि छिद्रांच्या पोकळीतून होणारे प्रारण. छिद्रे मोठी असतील तर हवा खेळू लागते आणि अभिसरणाची चौथी वाट उघडते. पदार्थ फार विरळ असल्यास प्रारण वाढते, फार घट्ट असल्यास घन भागातील वहन वाढते. म्हणूनच उत्पादक मधली घनता निवडतात. बसवताना ग्लासवूल दाबून चेपले, तर थराची जाडी घटून त्याचा रोधही कमी होतो.

छिद्रे अतिसूक्ष्म झाली की हवेचे वहनही मंदावते. अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युएल किसलर यांनी १९३१ मध्ये जाहीर केलेल्या एरोजेलमधील छिद्रे काही दशक नॅनोमीटरची असतात. त्यांत हवेचे रेणू परस्परांपेक्षा भिंतींवरच अधिक आदळतात. त्यामुळे सिलिका एरोजेलची वाहकता ०.०१५ पर्यंत, म्हणजे स्थिर हवेपेक्षाही खाली येते. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘सोजर्नर’ या बग्गीतील उपकरणांना त्याचेच संरक्षण होते.

या सर्व पदार्थांचा खरा शत्रू म्हणजे ओल. पाण्याची वाहकता ०.६ म्हणजे हवेच्या सुमारे २३ पट, तर बर्फाची २.२ असते. शिवाय ओलसर छिद्रांत उष्ण बाजूला पाण्याची वाफ होते, ती थंड बाजूला जाऊन पुन्हा पाणी बनते आणि सुप्त उष्णता तेथे सोडते. शीतगृहात बाहेरील दमट हवेतील बाष्प थंड भिंतीकडे खेचले जाते व फोममध्ये गोठते. भिंत बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून तिचा उपयोग संपत आलेला असतो. वीजबिल चढते आणि वीज गेल्यावर २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावयाच्या लशी अपेक्षेपेक्षा लवकर तापतात.

त्यामुळे बाष्परोधक थर नेहमी उष्ण बाजूला, म्हणजे शीतगृहात बाहेरच्या अंगाला असावा लागतो. जाडीइतकेच महत्त्व सांधे बंद ठेवण्याला आणि रोधक कोरडा राखण्याला आहे.